वाय-फायच्या एका नावानं आयफोन गंडला होता! ‘कितीही आर्ग्युमेंट्स’ घेणारी फंक्शन्स नेमकी चालतात कशी?

जून २०२१ मधली गोष्ट. एका सिक्युरिटी संशोधकानं आपल्या वाय-फाय हॉटस्पॉटला ‘%पी%एस%एस%एस%एस%एन’ असं विचित्र नाव दिलं (ही अक्षरं अर्थातच इंग्रजीत होती) आणि त्याला आपला आयफोन जोडला. झालं! फोनचं वाय-फाय बंद पडलं. फोन बंद करून पुन्हा चालू केला तरी फरक नाही, हॉटस्पॉटचं नाव बदललं तरी फरक नाही. शेवटी नेटवर्क सेटिंग्ज रिसेट केल्यावर गाडी रुळावर आली. पुढच्याच महिन्यात आलेल्या आयओएस १४.७ मध्ये ॲपलनं ही चूक दुरुस्त केली.

नुसत्या नावानं फोन कसा काय बिघडू शकतो? याचं उत्तर प्रोग्रामिंगमधल्या एका जुन्या आणि अतिशय सोयीच्या गोष्टीत आहे. ती म्हणजे कितीही आर्ग्युमेंट्स घेणारी फंक्शन्स. ही फंक्शन्स कशी चालतात, वेगवेगळ्या भाषांमध्ये ती कशी लिहितात आणि लिहिताना कुठे सांभाळायचं, हे आज समजून घेऊया.

आधी शब्दांची ओळख

फंक्शन म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा. त्याला काम करायला जो माल आपण देतो, ती आर्ग्युमेंट्स. बेरीज(१०, २०) असं लिहिलं तर ‘बेरीज’ हे फंक्शन, आणि १० व २० ही त्याची दोन आर्ग्युमेंट्स. फंक्शन लिहिताना त्या मालासाठी आत जी नावं ठेवतो, त्यांना पॅरामीटर म्हणतात.

बहुतेक फंक्शन्सचा आकडा ठरलेला असतो. दोन मागितली तर दोनच द्यायची. पण काही कामांमध्ये आकडा आधी सांगताच येत नाही. स्क्रीनवर मजकूर छापणाऱ्या फंक्शनला कधी एकच गोष्ट छापायची असते, कधी पाच. अनेक आकड्यांतला सर्वात मोठा शोधायचा असेल तर आकडे तीन असतील किंवा तीस. अशा कामांसाठी आर्ग्युमेंट्सची संख्या मोकळी ठेवलेली फंक्शन्स लागतात. त्यांना ‘व्हेरिॲडिक फंक्शन’ म्हणतात.

तुम्ही प्रोग्रामिंग शिकायला बसलात तेव्हा पहिल्याच दिवशी यातलं एक वापरलं असणार. सी भाषेतलं ‘प्रिंटएफ’ किंवा पायथनमधलं ‘प्रिंट’ ही दोन्ही व्हेरिॲडिक फंक्शन्सच आहेत.

(एक सूचना: या लेखातली उदाहरणं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. पायथन ३ मध्ये फंक्शनचं आणि व्हेरिएबलचं नाव खरोखरच देवनागरीत ठेवता येतं. कोडमध्ये लिहायचे आकडे आणि भाषेचे मूळ शब्द मात्र इंग्रजीतच टाइप करावे लागतात.)

खरा प्रश्न: किती आले, हे कळणार कसं?

समजा, तुम्ही इस्त्रीवाल्याकडे कपडे पाठवले. ते किती आहेत आणि कोणते आहेत, हे त्याला कळायचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, वर चिठ्ठी ठेवायची: ‘सात कपडे’. दुसरा, सगळ्यात शेवटी एक लाल रुमाल ठेवायचा. रुमाल दिसला की कपडे संपले. तिसरा, पूर्ण यादीच द्यायची: ‘चार शर्ट, एक साडी, दोन पॅन्ट’.

आता कल्पना करा की या दुकानात प्रत्येकाची पिशवी वेगळी नाहीच. सगळ्या गिऱ्हाइकांचे कपडे एकाच लांबलचक टेबलावर ओळीनं मांडलेत आणि मध्ये कुठेही खूण नाही. चिठ्ठीत सात लिहिलंय, पण तुम्ही पाचच ठेवलेत. इस्त्रीवाला पाच झाल्यावर थांबणार नाही. तो पुढचे दोन कपडे उचलेल, आणि ते शेजाऱ्याचे असतील.

सी भाषेतली व्हेरिॲडिक फंक्शन्स नेमकी अशीच चालतात.

सी भाषा: तीन टिंबं आणि पूर्ण विश्वास

सी मध्ये असं फंक्शन लिहिताना पॅरामीटरच्या यादीत शेवटी तीन टिंबं देतात. उदाहरणार्थ, बेरीज(पूर्णांक संख्या, ...). १९८९ च्या आन्सी प्रमाणकात यासाठी ‘एसटीडीआर्ग’ नावाची हेडर फाइल ठरवून दिली गेली. तिच्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवायच्या:

• व्हीए-लिस्ट: आपण आर्ग्युमेंट्सच्या रांगेत कुठे पोहोचलो आहोत, ते धरून ठेवणारा प्रकार.
• व्हीए-स्टार्ट: रांगेच्या सुरुवातीला नेऊन उभं करतं.
• व्हीए-आर्ग: पुढचं एक आर्ग्युमेंट काढून देतं. ते कोणत्या प्रकारचं आहे, हे मात्र आपणच सांगायचं.
• व्हीए-एंड: काम संपल्यावर आवराआवर.

या चारांत ‘एकूण किती आले’ हे सांगणारं काहीही नाही! भाषा ते मोजतच नाही. म्हणून इस्त्रीवाल्याचे तीनही मार्ग सी मध्ये वापरले जातात.

बेरीज(३, १०, २०, ३०) असं लिहिलं तर पहिला ३ म्हणजे ‘पुढे तीन आकडे आहेत’ ही चिठ्ठी. लाल रुमालाचं उदाहरण म्हणजे युनिक्समधलं ‘एक्झेकएल’. हे फंक्शन दुसरा प्रोग्राम सुरू करतं आणि त्याला द्यायच्या शब्दांची यादी ‘नल’ पॉइंटर दिसेपर्यंत वाचत जातं. आणि यादीचा मार्ग म्हणजे आपलं प्रिंटएफ. त्याचं पहिलं आर्ग्युमेंट ही यादीच असते. तिच्यात %डी दिसलं की एक पूर्णांक उचलायचा, %एस दिसलं की एक स्ट्रिंग उचलायची.

चिठ्ठी चुकली तर? प्रोग्राम थांबेल याची खात्री नाही. जिथे पुढचं आर्ग्युमेंट असायला हवं होतं, तिथे जे काही पडलेलं असेल ते उचललं जातं. युनिक्समधलं फाइल उघडणारं ‘ओपन’ हे याचं चांगलं उदाहरण. नवीन फाइल तयार करायची असेल तर त्याला तिसरं आर्ग्युमेंट लागतं: ही फाइल कोण वाचू शकेल, कोण बदलू शकेल, याची परवानगी. ते द्यायला विसरलात तर तिथला कचराच परवानगी म्हणून लागू शकतो. मग जी फाइल फक्त तुम्ही वाचावी अशी अपेक्षा होती, ती सगळ्यांना वाचता येईल. किंवा तुम्हालाही येणार नाही.

सी मधली आणखी एक गोम आहे. तीन टिंबांच्या जागी ‘फ्लोट’ पाठवलं तर ते आपोआप ‘डबल’ होऊन जातं. ‘कॅर’ आणि ‘शॉर्ट’ हे ‘इंट’ होऊन जातात. म्हणून व्हीए-आर्गकडे ‘फ्लोट’ मागणं चूक आहे, ‘डबल’च मागायला हवं. नवशिक्यांचे तास न् तास यात जातात.

चिठ्ठी अनोळखी माणसानं लिहिली तर?

आता आयफोनकडे परत येऊ.

वापरणाऱ्यानं दिलेलं नाव स्क्रीनवर छापायचं आहे. बरोबर पद्धत अशी: प्रिंटएफ("%एस", नाव). म्हणजे यादी आपली, माल बाहेरचा. पण घाईत बरेच जण असं लिहितात: प्रिंटएफ(नाव). नाव ‘सुरेश’ असेल तर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. चाचणीत काही सापडत नाही, कोड पुढे जातो.

पण दुसऱ्या पद्धतीत बाहेरून आलेलं नावच यादी बनलेलं असतं. नावात %एस असेल तर फंक्शनला वाटतं की पुढे एक स्ट्रिंग आहे. ती नसतेच. मग मेमरीतला भलताच आकडा स्ट्रिंगचा पत्ता समजून तिकडे वाचायला जातं आणि प्रोग्राम कोसळतो. %एक्स दिलं तर मेमरीतले आकडे बाहेर छापले जातात. त्यात गुप्त माहितीही असू शकते. सगळ्यात घातक म्हणजे %एन. ते काही छापत नाही, उलट आतापर्यंत किती अक्षरं छापली तो आकडा मेमरीत लिहून ठेवतं. म्हणजे बाहेरच्या माणसाला तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीत लिहायची वाट मिळाली.

आयफोनच्या बाबतीत हेच झाल्याचं संशोधकांना तपासात दिसलं. वाय-फाय सांभाळणारा प्रोग्राम नेटवर्कचं नाव नोंदवहीत लिहिताना ते नाव माल म्हणून न देता यादीतच मिसळत होता. नावात टक्क्याची चिन्हं आली, तो नसलेली आर्ग्युमेंट्स शोधायला गेला आणि पडला. नाव फोननं लक्षात ठेवलेलं असल्यामुळे पुन्हा सुरू झाला तरी पुन्हा पडत राहिला.

या प्रकाराला ‘फॉरमॅट स्ट्रिंग’ची चूक म्हणतात आणि ती काही नवी नव्हती. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या त्या काळी भरपूर वापरल्या जाणाऱ्या एफटीपी सर्व्हरमध्ये हीच चूक सापडली होती. तिच्या आधारे बाहेरचा माणूस थेट त्या यंत्राचा ताबा मिळवू शकत होता. तेव्हापासून जगभरच्या प्रोग्रामरना हा धडा माहीत आहे. तरीही २१ वर्षांनी तो एका आधुनिक फोनमध्ये पुन्हा दिसला.

त्यावरचे उपाय साधे आहेत. यादी नेहमी स्वतः लिहा, बाहेरून आलेला मजकूर कधीच पहिल्या जागी देऊ नका. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर अशा कोडबद्दल इशारा देऊ शकतात. तो पर्याय चालू ठेवा आणि इशारा दिसला तर दुर्लक्ष करू नका. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत तर %एन हे मुळातच बंद ठेवलेलं असतं.

पायथन: आधी बोचकं बांधा

नंतरच्या बऱ्याच भाषांनी वेगळा मार्ग घेतला. आलेली आर्ग्युमेंट्स टेबलावर मोकळी ठेवायची नाहीत, त्यांचं बोचकं बांधूनच फंक्शनच्या हाती द्यायचं. बोचक्यात किती नग आहेत ते बोचक्यालाच माहीत असतं.

पायथनमध्ये पॅरामीटरच्या नावाआधी एक तारा दिला की झालं: बेरीज(*आकडे). आता बेरीज(१०, २०, ३०) लिहा किंवा बेरीज(१०) लिहा, फंक्शनच्या आत ‘आकडे’ नावाचा एक टपल मिळतो. त्यावर लूप चालवा, त्याची लांबी विचारा, शेजाऱ्याच्या कपड्यांना हात लागायचा प्रश्नच नाही.

दोन तारे दिले तर नावानिशी आलेली आर्ग्युमेंट्स डिक्शनरीत गोळा होतात. नोंद(**माहिती) असं फंक्शन असेल तर नोंद(गाव="सातारा", वय=२५) असं बोलावता येतं. पुस्तकांमध्ये या दोन पॅरामीटरना ‘आर्ग्स’ आणि ‘क्वार्ग्स’ अशी नावं दिसतात. ती फक्त प्रथा आहे. जादू ताऱ्यात आहे, नावात नाही.

तारा उलट दिशेनंही चालतो. तुमच्याकडे आधीच आकड्यांची यादी असेल, तर बेरीज(यादी) असं लिहिल्यास फंक्शनला एकच आर्ग्युमेंट मिळेल: आख्खी यादी. तिचे आकडे सुटे करून द्यायचे असतील तर बेरीज(*यादी) असं लिहायचं. नव्यानं शिकणारे सर्वात जास्त इथेच अडकतात. लक्षात ठेवा: फंक्शन लिहिताना तारा बोचकं बांधतो, फंक्शन बोलावताना तो सोडतो.

दोन ताऱ्यांचा एक तोटाही आहे. ते काहीही नाव स्वीकारतात. रंग="लाल" ऐवजी चुकून रगं="लाल" टाइप झालं, तर ते नावही मुकाट्यानं डिक्शनरीत जाऊन बसतं. एरर येत नाही, फक्त रंग बदलत नाही. मग तुम्ही तासभर शोधत बसता. जी नावं आधीच माहीत आहेत, ती पॅरामीटर म्हणून स्पष्ट लिहिणंच बरं.

बाकीच्या भाषा काय करतात?

जावास्क्रिप्ट: इथे २०१५ पासून शेवटच्या पॅरामीटरआधी तीन टिंबं देतात आणि उरलेली आर्ग्युमेंट्स ॲरेमध्ये येतात. पण या भाषेची खासियत अशी की ती कोणत्याच फंक्शनसाठी आर्ग्युमेंट्सची संख्या तपासत नाही. म्हणून एक गंमत होते. "१०", "१०", "१०" या तीन स्ट्रिंग्जच्या ॲरेवर ‘मॅप’मधून ‘पार्सइंट’ चालवलं तर उत्तर १०, १०, १० येत नाही. १०, ‘आकडा नाही’ आणि २ असं येतं! कारण मॅप प्रत्येक वेळी तीन आर्ग्युमेंट्स पाठवतो: किंमत, तिचा क्रमांक आणि आख्खा ॲरे. पार्सइंट दुसऱ्या आर्ग्युमेंटला संख्येचा पाया समजतं. पाया ० म्हणजे नेहमीप्रमाणे दशमान, पाया १ चालतच नाही, आणि पाया २ मध्ये ‘१०’ म्हणजे दोन.

जावा: २००४ मध्ये आलेल्या जावा ५ पासून ही सोय आहे. प्रकाराच्या नावानंतर तीन टिंबं दिली की आत ॲरे मिळतो. पूर्णांक मागितलेत आणि कोणी स्ट्रिंग दिली तर कंपायलरच अडवतो. असं पॅरामीटर एकच ठेवता येतं आणि तेही शेवटीच.

गो: टिंबं प्रकाराच्या आधी येतात आणि आत स्लाइस मिळतो. आधीच तयार असलेला स्लाइस पुढे तीन टिंबं लावून पाठवला तर त्याची नक्कल होत नाही. फंक्शननं आत एखादा आकडा बदलला, तर तो तुमच्याकडेही बदलतो.

रस्ट: या भाषेत स्वतःची व्हेरिॲडिक फंक्शन्स लिहिताच येत नाहीत. छापण्यासाठी जे ‘प्रिंटएलएन’ वापरतात, त्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह असतं, कारण ते फंक्शन नसून मॅक्रो आहे. त्याची यादी कोडमध्ये थेट लिहिलेलीच लागते आणि ती मालाशी जुळते का, हे प्रोग्राम चालण्याआधीच तपासलं जातं. म्हणजे वाय-फायच्या नावासारखी बाहेरची गोष्ट तिथे यादी बनूच शकत नाही.

सी++: सी ची तीन टिंबं इथेही चालतात, पण २०११ पासून ‘व्हेरिॲडिक टेम्प्लेट’ आले. त्यांच्यात प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार कंपायलरला ठाऊक असतो.

कोणीच काही दिलं नाही तर?

‘कितीही’ म्हणजे शून्यसुद्धा, हे विसरू नका! रिकामं बोचकं आलं तर तुमचं फंक्शन काय करणार?

बेरजेचं उत्तर सोपं आहे: शून्य. लिस्प भाषेत अधिक हेच एक फंक्शन आहे. त्याला काहीच दिलं नाही तर ते ० देतं, आणि गुणाकाराला काहीच दिलं नाही तर तो १ देतो. सर्वात मोठ्या आकड्याचं काय? पायथनचं ‘मॅक्स’ काही न देता बोलावलं तर एरर येते. जावास्क्रिप्टचं मात्र ‘उणे अनंत’ असं उत्तर देतं. दोन्हींमागे विचार आहे. पण तो आधीच केलेला बरा. सरासरी काढणारं फंक्शन लिहिताना हा विचार केला नाही, तर शून्यानं भागायची पाळी येते.

किमान एक आर्ग्युमेंट हवंच असेल तर ते वेगळं मागा: सरासरी(पहिला, *बाकीचे). आता रिकाम्या हातानं आलेल्याला भाषाच दारात अडवेल.

मग वापरायचं कधी?

• संख्या खरोखरच आधी सांगता येत नसेल आणि सगळी आर्ग्युमेंट्स एकाच जातीची असतील, तर जरूर वापरा. छापणं, जोडणं, सर्वात मोठा शोधणं ही त्यातली कामं.
• माल आधीच यादीत असेल तर फंक्शननं सरळ यादीच घ्यावी. पायथनचं ‘सम’ तेच करतं.
• लाखो आकडे सुटे करून पाठवू नका. जावास्क्रिप्टमध्ये प्रचंड मोठा ॲरे असा सोडून दिला तर प्रोग्राम कोसळू शकतो. पायथनमध्येही ३.७ च्या आधी एका वेळी २५५ पेक्षा जास्त आर्ग्युमेंट्स कोडमध्ये लिहिता येत नव्हती. ‘कितीही’लाही कुठेतरी हद्द असते.
• पहिल्या आर्ग्युमेंटचा अर्थ एक, तिसऱ्याचा दुसराच, असं असेल तर तारा-टिंबांच्या मागे लपू नका. प्रत्येकाला नाव द्या.
• सी मध्ये लिहीत असाल तर स्वतःला दरवेळी विचारा: किती आले, हे या फंक्शनला कोण सांगतंय? आणि सांगणारा खोटं बोलला तर काय होईल?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पायथन किंवा जावासारख्या भाषा मोजणी स्वतः करतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. सी मोजत नाही, ती आपल्यावर विश्वास टाकते. तो विश्वास आपण न तपासता बाहेरच्या माणसाकडे सोपवला की वाय-फायचं एखादं नावही पुरेसं होतं.

तुमच्या ओळखीत कोणी नुकतंच प्रोग्रामिंग शिकायला लागलं असेल, तर त्यांना ही माहिती नक्की पाठवा. प्रिंटएफ(नाव) लिहिण्याआधी त्यांना हा आयफोन आठवला, तरी पुरे!